हुंडी ते पासवर्ड

लहान व्यापाऱ्यानं आपला संगणक आणि मोबाइल कसा सांभाळावा, या विषयावर बोला, असं आकाशवाणीतल्या मित्रानं सांगितलं तेव्हा मी त्याला म्हणालो, बाबा रे, मी बी.ए. झालेला कवी माणूस. मला यमकं जुळवता येतात, संगणक नाही. तो म्हणाला, म्हणूनच तुम्हाला सांगतोय. तज्ज्ञ बोलायला लागले की दुकानदार रेडिओ बंद करतो. तेव्हा मी आज तंत्र सांगणार नाही, इतिहास सांगणार आहे. अधूनमधून तंत्र आलंच तर ते तेवढ्यापुरतं.

व्यापारातली गुप्तता संगणकासोबत आली असं आपल्याला वाटतं. खरं तर ती व्यापाराइतकीच जुनी आहे. आपल्याकडच्या जनावरांच्या बाजारात दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालून बोटांनी बैलाचा भाव ठरवायचे. भोवती पन्नास माणसं उभी, पण आकडा दोघांतच. याहून गुंतागुंतीची होती ती हुंडी. रोकड घेऊन प्रवास करणं म्हणजे वाटमाऱ्यांना आमंत्रण. म्हणून पुण्याचा व्यापारी इथल्या पेढीवर रक्कम भरायचा आणि सुरतेच्या किंवा काशीच्या पेढीवरची हुंडी घ्यायचा. कागद चोरीला गेला तर? कोणी आकडा वाढवला तर? आपल्या पूर्वजांनी याचा बारकाईनं विचार केलेला दिसतो. हुंडीत रक्कम एकदाच लिहीत नसत. आकड्यात लिहायची, अक्षरात लिहायची, शिवाय तिची निमपट लिहून ‘त्याची दुप्पट’ असंही लिहायचं. एका ठिकाणी खाडाखोड केली तर दुसऱ्या ठिकाणी चोर सापडणार. शाहजोग हुंडीचे पैसे तर बाजारात पत असलेल्या ‘शाह’ माणसालाच मिळत, आणि हुंडी चोरीची निघाली तर त्यानं पैसे परत करायचे. मूळ हुंडी हरवली तर तिची दुसरी प्रत निघे, तिला ‘पेठ’ म्हणत. तीही हरवली तर ‘परपेठ’.

आता हे तीन शब्दप्रयोग लक्षात ठेवा : निमपट-दुप्पट, शाहजोग आणि पेठ. रकमेचा ताळा, माणसाची ओळख आणि हरवल्यास दुसरी प्रत. आजचे सायबर तज्ज्ञ जाड जाड पुस्तकांतून जे सांगतात त्यातलं बरंचसं या तीन खणांत बसतं. फरक एवढाच, की पेढीवरचा मुनीम समोरच्याचा चेहरा आणि अक्षर ओळखायचा. संगणक चेहरा ओळखत नाही. त्याला तुम्ही सांगितलेला परवलीचा शब्द कळतो, आणि तो कोणी सांगितला याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

गुपित फोडण्याचं शास्त्र कोणी सुरू केलं, हे सांगायचा मोह मला आवरत नाही, कारण त्यात आमच्या कवितेचा संबंध येतो. आठव्या शतकात बसरा शहरात अल्-खलील इब्न अहमद नावाचा विद्वान होऊन गेला. आज मराठीत गझल लिहिणारे आम्ही लोक ज्याला वृत्तशास्त्र, अरूज म्हणतो, त्याचा हा जनक. त्याच्याबद्दल अशी कथा सांगतात, की बायझंटाइन सम्राटाकडून आलेलं ग्रीक भाषेतलं एक सांकेतिक पत्र त्यानं महिनाभरात उलगडलं. कसं, असं विचारल्यावर तो म्हणाला, मी मनाशी म्हटलं, पत्राची सुरुवात ‘देवाच्या नावानं’ अशीच असणार. तेवढी अक्षरं हाती आली आणि बाकीची त्यांच्या मागोमाग आली. पुढच्या शतकात बगदादमध्ये अल्-किंदीनं याचं रीतसर शास्त्र केलं. प्रत्येक भाषेत काही अक्षरं जास्त येतात, काही कमी. संकेतलिपीतली अक्षरं मोजा, सर्वांत जास्त येणारं चिन्ह म्हणजे त्या भाषेतलं सर्वांत जास्त येणारं अक्षर. आपल्या मराठीत ‘आहे’शिवाय पान हलत नाही, हे कोणाही चोराला कळेल. अल्-किंदीचा हा ग्रंथ इस्तंबूलच्या सुलेमानिया ग्रंथालयात पडून होता. तो छापून प्रसिद्ध झाला थेट १९८७ मध्ये.

दोघांनीही कुलूप फोडलं नाही. त्यांनी माणसाची सवय ओळखली.

संगणकाला परवलीचा शब्द पहिल्यांदा लागला तो १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत. तेव्हा एकाच अवजड यंत्रावर अनेक जण काम करत. प्रत्येकाची कागदपत्रं वेगळी राहावीत म्हणून फर्नांडो कॉर्बेटो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्रत्येकाला पासवर्ड दिला. १९६२ मध्ये ॲलन शेर नावाच्या एका संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याचे चार तास पुरेनात. शुक्रवारी रात्री उशिरा त्यानं एक छिद्रांकित कार्ड यंत्रात टाकलं, पासवर्डची अख्खी यादी छापायला सांगितली, आणि शनिवारी सकाळी छापील कागद जाऊन उचलले. झालं. म्हणजे पासवर्ड जन्माला आला आणि पाठोपाठ त्याची चोरीही. १९६६ मध्ये तर त्याच यंत्रावर दोन फाइलींची अदलाबदल झाली आणि जो कोणी काम सुरू करील त्याला स्वागताच्या संदेशाऐवजी सगळ्यांचे पासवर्ड दिसू लागले!

१९७९ साली बेल प्रयोगशाळेतल्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी लोकांनी निवडलेले ३,२८९ पासवर्ड तपासले. १५ जणांचा पासवर्ड एका अक्षराचा होता. ७२ जणांचा दोन अक्षरांचा. बाकी बऱ्याच जणांनी शब्दकोशातला शब्द किंवा नाव उचललेलं. एकूण ८६ टक्के पासवर्ड सहज ओळखता येण्यासारखे निघाले. आणि लक्षात घ्या, ही संगणकाच्या जगातली माणसं होती, आपल्या गल्लीतली किराणा दुकानदार मंडळी नव्हेत. या मॉरिससाहेबांचा मुलगाही रॉबर्टच. २ नोव्हेंबर १९८८ रोजी त्यानं एक आपोआप पसरणारा प्रोग्राम सोडला, आणि अंदाजे सहा हजार संगणक गुदमरले. तेव्हाच्या इंटरनेटचा तो जवळपास दहावा हिस्सा. आत शिरायला त्याच्याकडे इतर वाटा होत्याच, पण एक वाट पासवर्ड ओळखण्याची होती : माणसाचं नाव, उलटं लिहिलेलं नाव, आणि मग चारशेहून अधिक नेहमीच्या शब्दांची यादी. बापानं ज्या खोडीवर बोट ठेवलं होतं, मुलानं तिचाच फायदा घेतला. त्या वेळी वडील अमेरिकी सरकारच्या संगणक सुरक्षा केंद्रात मुख्य शास्त्रज्ञ होते, हा नियतीचा विनोद. पुढे मुलाला दंड आणि समाजसेवेची शिक्षा झाली, आणि आणखी पुढे तो एमआयटीतच प्राध्यापक झाला.

तीस वर्षांनी तरी माणूस शहाणा झाला असेल? २००९ मध्ये ‘रॉकयू’ नावाच्या कंपनीकडून ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीला गेले. त्यांत सर्वांत लाडका पासवर्ड होता १२३४५६.

माझ्या पुतण्याचं स्पेअर पार्टचं दुकान आहे. त्याच्या संगणकाला पासवर्ड आहे, दुकानाचं नाव आणि पुढे मोबाइल नंबरचे शेवटचे चार आकडे. दुकानाचं नाव पाटीवर आहे, नंबरही पाटीवर आहे. मी त्याला म्हटलं, अरे, तू पासवर्ड रंगवून घेतलास की! यावर त्याचं म्हणणं असं, की अवघड ठेवला तर लक्षात राहत नाही, आणि बँक तर म्हणते भांडवली अक्षर घाला, आकडा घाला, चिन्ह घाला. त्याची तक्रार अगदीच खोटी नाही. अमेरिकेतल्या राष्ट्रीय प्रमाण संस्थेत बिल बर यांनी २००३ मध्ये असे नियम लिहिले आणि ते जगभर पसरले. लोकांनी काय केलं? शेवटी १ लावला, पुढच्या खेपेला २ लावला. पुन्हा सवय! २०१७ मध्ये त्याच संस्थेनं सल्ला बदलला, लांब पासवर्ड ठेवा, उगाच ठरावीक दिवसांनी बदलायला लावू नका, आणि बर यांनीही वृत्तपत्राशी बोलताना आपल्या जुन्या नियमांबद्दल खेद व्यक्त केला. म्हणून मी पुतण्याला चार असंबद्ध शब्द जोडायला सांगितले. प्रसिद्ध कवितेची ओळ नको, ती चोरालाही पाठ असते. माझी ओळ चालेल, ती कोणी वाचलेली नाही.

त्यावर दुसरं कुलूप हवं. बँकेचा लॉकर दोन किल्ल्यांनी उघडतो, एक तुमची आणि एक बँकेची, तसं. आपल्या रिझर्व्ह बँकेनं २००९ मध्ये कार्डावरून ऑनलाइन पैसे देताना दुसरी ओळख सक्तीची केली आणि ओटीपी नावाची चीज घराघरांत आली. तेव्हा व्यापाऱ्यांनी कुरकुर केली होती. पण हीच किल्ली ईमेलला, हिशेबाच्या सॉफ्टवेअरला, व्हॉट्सॲपलाही लावता येते, आणि बहुतेक जण ती लावत नाहीत. आता ओटीपी फोनवर विचारून घेणारे भामटे आलेत. त्यांना तो सांगायचा नाही, एवढं पथ्य मात्र पाळावं लागतं.

‘माझ्या दुकानात चोरण्यासारखं आहे काय?’ हा प्रश्न मला प्रत्येक दुकानदार विचारतो. त्याला मी फेझिओची हकिकत सांगतो. अमेरिकेत पिट्सबर्गजवळ फेझिओ नावाची एक कौटुंबिक कंपनी, शीतपेट्या आणि वातानुकूलनाची कामं करणारी. ‘टार्गेट’ या अवाढव्य दुकान-साखळीची कामंही ती घ्यायची. बिलं पाठवायला आणि कामांची कागदपत्रं द्यायला तिला टार्गेटच्या संगणकजालात शिरण्याची परवानगी होती. २०१३ मध्ये फेझिओकडे एक फसवा ईमेल आला, कोणीतरी तो उघडला आणि चोरांना फेझिओचा पासवर्ड मिळाला. त्या चिंचोळ्या वाटेनं ते टार्गेटच्या गल्ल्यापर्यंत पोचले. ऐन सणासुदीच्या खरेदीत चार कोटी ग्राहकांच्या कार्डांची माहिती गेली, आणि सात कोटी लोकांची नावं, पत्ते वगैरे वेगळेच. पुढच्या वर्षी टार्गेटच्या प्रमुखाला पायउतार व्हावं लागलं. चोरांना फेझिओचं काहीच नको होतं. त्यांना फेझिओचं मागचं दार हवं होतं.

आपल्या एमआयडीसीत असे किती छोटे कारखाने मोठ्या मोटार कंपन्यांना सुटे भाग पुरवतात, ते सांगायला नको.

याहून मोठी गोष्ट युक्रेनची, आणि ती आपल्या न्हावा-शेव्यापर्यंत येऊन पोचते. कीव्ह शहरात लिंकोस नावाची एक घरगुती स्वरूपाची कंपनी आहे. तिचं ‘एमईडॉक’ हे कर भरण्याचं सॉफ्टवेअर युक्रेनमधल्या बहुतेक व्यवसायांत वापरलं जाई. आपल्याकडे चार्टर्ड अकाउंटंटच्या कचेरीत असतं तसंच काहीसं. २०१७ मध्ये हल्लेखोरांनी या कंपनीच्या यंत्रांत घुसून त्या सॉफ्टवेअरच्या अपडेटलाच विष लावलं. पुढे अमेरिका आणि ब्रिटननं यासाठी रशियाच्या लष्कराकडे बोट दाखवलं. २७ जून रोजी, म्हणजे युक्रेनच्या संविधानदिनाच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी, ते विष पसरलं. त्याला पुढे ‘नॉटपेट्या’ नाव पडलं. वरून ते खंडणी मागत होतं, पण पैसे देऊनही काही परत मिळण्याची सोय त्यात नव्हतीच. डेन्मार्कच्या ‘मर्स्क’ या जहाज कंपनीचे संगणक काही तासांत काळे पडले. या कंपनीकडे तेव्हा जगातल्या कंटेनर जहाजांच्या क्षमतेचा मोठा हिस्सा होता. मुंबईसमोर जेएनपीटीतलं तिच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. कीव्हमधल्या एका लहान कचेरीचं दार उघडं राहिलं आणि उरणच्या रस्त्यावर कंटेनरच्या ट्रकवाल्यांचा खोळंबा झाला!

इथे कोणी म्हणेल, मग अपडेट न केलेलंच बरं. तसं नाही. त्याच वर्षी १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ नावाच्या खंडणीखोर विषाणूनं ब्रिटनची रुग्णालयं बंद पाडली. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं ठिगळ मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच दिलं होतं. दोन महिने ते लोकांनी लावलंच नाही. अपडेटमधून विष येणं ही विरळा गोष्ट, अपडेट न केल्यानं बुडणं ही रोजची.

मर्स्ककडे संगणकांची सगळी व्यवस्था सांभाळणाऱ्या दीडशेच्या आसपास यंत्रांवर एकमेकांच्या प्रती होत्या. एक गेलं तर दुसरं, असा हिशेब. पण सगळी एकमेकांना जोडलेली, त्यामुळे सगळी एकदमच पुसली गेली. शोधता शोधता एक प्रत सापडली आफ्रिकेतल्या घानामध्ये. तिथे हल्ल्याआधी वीज गेली होती म्हणून ते यंत्र बंद होतं आणि म्हणून वाचलं. भारनियमनाला आयुष्यभर शिव्या घालणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे जरूर ऐकावं. तिथलं इंटरनेट इतकं मंद, की प्रत धाडायला कित्येक दिवस लागले असते. घानाच्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी एक जण हार्ड डिस्क घेऊन विमानानं नायजेरियाला गेला, तिथे विमानतळावर ती दुसऱ्याच्या हाती दिली आणि तो लंडनला पोचला. जुन्या काळी कासीद थैली घेऊन निघायचे, त्यातलाच हा प्रकार. दहा दिवसांत कंपनीनं ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्यानं उभे केले. तरीही तीस कोटी डॉलरपर्यंतचा फटका बसलाच.

मर्स्कला तीस कोटी डॉलर सोसले. आमच्या भागातल्या एका लोखंड-सिमेंटच्या व्यापाऱ्याला काय सोसलं ते मी जवळून पाहिलं आहे. एका सकाळी त्यानं संगणक लावला तर सगळ्या फाइलींची नावं बदललेली आणि पडद्यावर इंग्रजीत चिठ्ठी, बिटकॉइन द्या. बिटकॉइन म्हणजे काय, इथपासून त्याची सुरुवात. तो रोज संध्याकाळी हिशेबाची प्रत काढत असे, हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. पण प्रत ज्या पेन ड्राइव्हवर काढायचा तो पेन ड्राइव्ह चोवीस तास संगणकालाच खोचलेला असायचा. पेठ होती, पण मूळ हुंडीसोबत एकाच थैलीत.

आमच्याकडे शेतकरी पाइप, पत्रे, सिमेंट उधारीवर नेतात आणि उसाचं बिल आलं की भागवतात. ती उधारी सगळी त्या संगणकात. बातमी पसरली तेव्हा काही शेतकरी आपणहून आले, घरच्या डायरीत लिहिलेला आकडा दाखवला आणि म्हणाले, शेट, आमच्याकडे एवढं निघतं. काही आले नाहीत. जे आले नाहीत त्यांची नावं त्याला आठवत होती, आकडे आठवत नव्हते. दुसऱ्या वर्षी त्यानं गोदाम विकलं. आज तो दोन पेन ड्राइव्ह वापरतो, सम तारखेला एक आणि विषम तारखेला दुसरा, आणि वापरात नसलेला घरी कपाटात असतो. महिन्यातून एकदा त्यातून एखादी फाइल उघडूनही बघतो. नाहीतर प्रत आहे म्हणून निर्धास्त राहायचं आणि वेळेला ती उघडतच नाही, असंही होतं.

राहता राहिला शाहजोगचा मुद्दा, म्हणजे समोरचा तोच आहे का? लिथुआनियाच्या एव्हाल्दास रिमासाउस्कास या गृहस्थानं २०१३ ते २०१५ या काळात गूगल आणि फेसबुक यांना मिळून बारा कोटी डॉलरच्या आसपास गंडवलं. संगणक फोडून नव्हे. या दोन्ही कंपन्या तैवानच्या एका कंपनीकडून माल घेत. यानं त्याच नावाची कंपनी लॅटव्हियात नोंदवली आणि बिलं पाठवत राहिला. ती भरली जात राहिली! २०१९ मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. गूगलचे लेखापाल फसतात तिथे आपली काय कथा? ‘आमचा खाते नंबर बदलला आहे, यापुढे पैसे नव्या खात्यात भरा’ असा ईमेल नेहमीच्या पुरवठादाराकडून आला, तर त्या ईमेलमधल्या नंबरावर नव्हे, आपल्या वहीतल्या जुन्या नंबरावर फोन करून विचारावं. फुकटात होणारं काम आहे. गल्ल्यावर चिकटवलेला क्यूआर कोडही रोज सकाळी एकदा स्वतः स्कॅन करून नाव बघावं, कारण त्यावर दुसरं स्टिकर डकवून जाणारे निघाले आहेत. आणि पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्याच खात्यातून निघाले.

बारीक नजरेचं महत्त्व सांगणारा एक किस्सा तर मला मुद्रितशोधक म्हणून फार प्रिय आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये चोरांनी बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या नावानं जवळपास ९५ कोटी डॉलरचे हुकूम न्यूयॉर्कला पाठवले. ८ कोटी १० लाख मनिलाला गेले ते गेलेच. पण श्रीलंकेतल्या एका संस्थेच्या नावे निघालेले दोन कोटी अडकले, कारण ‘फाउंडेशन’ शब्दाचं स्पेलिंग चुकून ‘फॅन्डेशन’ झालं होतं आणि मधल्या बँकेत कोणाच्या तरी डोळ्याला ते खटकलं. ही चोरी गुरुवारी रात्री सुरू झाली, शुक्रवारी बांगलादेशात सुट्टी. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवरचा ९४ कोटींचा दरोडा सुरू झाला तो ११ ऑगस्ट २०१८ ला, दुसऱ्या शनिवारी, म्हणजे बँकेच्या सुट्टीलाच. २८ देशांतल्या एटीएममधून नोटा निघत होत्या. तेव्हा दिवाळीला दुकान बंद करून गावाला जाताना शटरचं कुलूप ओढून बघता, तसं संगणकही बंद केला का ते बघा.

आणि तरीही पैसे गेलेच तर वेळ घालवू नये. हुंडी हरवल्याचं कळताच व्यापारी पेढीवर निरोप धाडत, पैसे अदा व्हायच्या आत. आज निरोप धाडायचा तो १९३० या क्रमांकावर. केंद्र सरकारची ही हेल्पलाइन आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात पळत असतात, आणि ते मधेच गोठवायचे तर तक्रार पहिल्या काही तासांत पोचावी लागते. ‘लोक हसतील’ म्हणून दोन दिवस गप्प बसणारे व्यापारी मला माहीत आहेत. माझ्या पुतण्यानं हा नंबर दुकानाच्या भिंतीवर, वीज मंडळाच्या तक्रार क्रमांकाच्या खाली, ऑइल पेंटनं लिहून घेतला आहे. पासवर्डही बदललाय म्हणतो. मी विचारला नाही.